जाग आणि जाणीव

भाद्रपद शुद्ध एकादशीला, म्हणजे आपल्या माळव्यात जिला डोल ग्यारस म्हणतात त्या दिवशी, यंदा हाटपिपल्याला असण्याचा योग आला. देवासहून बागलीकडे जाताना लागणारे हे गाव. नावातच हाटही आहे आणि पिंपळही. गावात नृसिंहाचे जुने मंदिर आहे. डोल ग्यारसेला तेथली पाषाणाची मूर्ती वाजतगाजत भमोरी नदीवर नेतात आणि पुजारी ती पाण्यावर सोडतो. मूर्ती दगडाची, पण ती बुडत नाही. काही अंतर तरंगत जाते. असे तीनदा करतात, आणि ती किती वेळा तरंगली त्यावरून येत्या वर्षाचे पाऊसपाणी कसे राहील याचा अंदाज लोक बांधतात. आपल्या जुन्या इंदूरकर घरांतून हा सोहळा पाहून आलेले कोणी ना कोणी असेलच.

मी मात्र या खेपेस घाटावर गेलो नाही. आत्याच्या खाटेपाशी बसून राहिलो. ढोल-ताशे दारावरून गेले तेव्हा आत्याचे डोळे उघडे होते. ती ऐकत होती का? हा प्रश्न गेले सहा महिने आमच्या घरात आहे, आणि तो केवळ आमच्या घरातला नाही असे वाटले म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो. मी वैद्यकाचा माणूस नव्हे. गरजेपोटी वाचले, जाणत्यांना विचारले, तेवढेच माझे भांडवल.

गेल्या फाल्गुनात, होळीच्या दोन दिवस आधी, माडीवरून पापडांचे सूप घेऊन उतरताना आत्याचा पाय सरकला. वय चौऱ्याहत्तर. डोक्याला बाहेरून फारसे खरचटलेही नव्हते. पडल्यावर उठून तिने पापड मोजून डब्यात भरले, आणि रात्री ती बेशुद्ध झाली. इंदूरला आणले, कवटीच्या आत साचलेले रक्त शस्त्रक्रियेने काढले, तीन आठवडे श्वसनयंत्रावर ठेवले. पुढे गळ्याला छिद्र पाडून श्वास मोकळा केला, नाकातून अन्नाची नळी घातली. डोळे उघडले, पण ते कोणावर ठरेनात. हात दाबला तर हात दाबला जाईना. बाराव्या दिवशीच मार्गिकेत उभ्या उभ्या आम्हाला सांगण्यात आले होते, की 'या आता अशाच राहणार. घरी नेऊन सेवा करा.' कोणी सांगितले, कुठे सांगितले, हे लिहिण्यात अर्थ नाही. घाईत सगळीकडेच असे बोलले जाते. पाचव्या आठवड्यात आत्या हाटपिपल्याला घरी आली.

घर म्हणजे माझे थोरले आतेभाऊ, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आणि वहिनी. दर दोन तासांनी कूस पालटायची, रात्रीसुद्धा. दर तीन तासांनी नळीवाटे पातळ अन्न: मुगाचे कढण, दूध, ताक, गाळलेली पेज. गळ्यातली नळी स्वच्छ करायची. वीज गेली की कफ ओढायचे यंत्र बंद पडते, म्हणून अण्णांनी सोयाबीन विकून आधी इन्व्हर्टर घेतला. शेजारची एक माळवी बाई रोज येऊन पाय चोळून जाते. ती पहिल्या दिवसापासून एकच वाक्य म्हणते, 'बई सब सुणे है.' तिचे आम्ही कोणी मनावर घेतले नव्हते.

धाकटा आतेभाऊ पुण्याला असतो. ज्येष्ठात तो येऊन गेला, आणि दोघा भावांत प्रथमच मोठ्या आवाजात बोलणे झाले. धाकट्याचे म्हणणे असे, की चार वर्षांपूर्वी शेजारच्या काकू इस्पितळात नळ्यांच्या जाळ्यात गेल्या, तेव्हा आई मला स्वच्छ म्हणाली होती, 'माझ्या अंगाला असले काही लावू नका रे.' मग आपण हे काय चालवले आहे? अण्णा म्हणाले, 'तेव्हा ती चालती-बोलती होती. आज तिला काय वाटते, हे तू विचारलेस का?' धाकटा म्हणाला, 'विचारायचे कोणाला? आतमध्ये आहे कोण?' यावर घरात कोणी जेवले नाही.

'आतमध्ये आहे कोण?' या प्रश्नाने मला पुस्तकांकडे नेले.

आपण सर्वसाधारणपणे शुद्ध आणि बेशुद्ध असे दोनच कप्पे मानतो. वैद्यक निराळे सांगते. जाग ही एक गोष्ट आणि जाणीव ही दुसरी. जागेचे काम मेंदूच्या तळाशी, त्याच्या देठाच्या भागात, चालते. जाणिवेला मेंदूच्या वरच्या थरांचा आणि त्यांना जोडणाऱ्या तंतूंचा व्यवहार शाबूत लागतो. देठ वाचला आणि वरचा व्यवहार कोलमडला, तर माणूस सकाळी डोळे उघडतो, रात्री मिटतो, स्वतः श्वास घेतो, जांभई देतो, कधी कण्हतो; पण त्या उघड्या डोळ्यांमागे कोणी नसते. निदान तसे दिसते. १९७२ साली ग्लासगोचे शल्यविशारद ब्रायन जेनेट आणि न्यूयॉर्कचे फ्रेड प्लम या दोघांनी या अवस्थेला जे नाव दिले, त्याचा मराठी अनुवाद 'वनस्पतिवत् अवस्था' असा होतो. जेनेट-प्लम यांचा हेतू कोणाला हिणवण्याचा नव्हता. पण शब्द जाऊन पडला तो भाजीपाल्याच्या टोपलीत. ज्या घरांत तुळशीला रोज पाणी घालून नमस्कार करतात, कार्तिकात तिचे लग्न लावतात, त्या घरांत 'वनस्पतीसारखी झाली' म्हणजे 'हिला काही कळत नाही' हे मुळात पटायला कठीण. युरोपातल्या वैद्यांनाही तो शब्द पुढे खुपला, आणि २०१० साली त्यांच्यातल्या एका मंडळाने 'प्रतिसादहीन जागृती' अशा अर्थाचे नवे नाव सुचवले. हे नाव अधिक प्रामाणिक आहे. प्रतिसाद नाही, एवढेच ते सांगते. आत कोणी नाही असे म्हणत नाही.

या दोहोंतले अंतर किती मोठे आहे, ते २००६ साली प्रथम स्पष्ट दिसले. केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे तेवीस वर्षांची एक मुलगी होती. मोटार-अपघातानंतर पाच महिने ती अशीच, उघड्या डोळ्यांची आणि निरुत्तर. तिला एम.आर.आय. यंत्रात निजवून त्यांनी सांगितले, 'तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर.' मग सांगितले, 'आता तू आपल्या घरातल्या खोल्यांतून फिरते आहेस.' पहिल्या वेळी मेंदूतला हालचालींची आखणी करणारा भाग उजळला, दुसऱ्या वेळी वाटा ओळखणारे भाग. धडधाकट माणसांचे उजळतात तसेच. बोटही न हलवणारी ती मुलगी सांगितलेले ऐकत होती आणि करत होती, फक्त मनात. २०१० साली केंब्रिज आणि बेल्जममधले लीएज येथील संशोधकांनी ५४ रुग्ण तपासले; त्यांपैकी पाचांना असे करता आले. त्यांतल्या एकाला 'हो' म्हणायचे तर टेनिस आणि 'नाही' म्हणायचे तर घर मनात आणायला सांगून वडिलांच्या नावासारखे साधे प्रश्न विचारले. सहांपैकी पाचांची उत्तरे बरोबर आली.

हे वाचून मी अण्णांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, 'आई टेनिस कुठे खेळली आहे? तिला फुगडी घालायला सांगावे लागेल.' हा विनोद नव्हता. यंत्र तेच राहील, पण प्रश्न माणसाच्या आयुष्यातला हवा, हे त्यांना एका वाक्यात कळले होते.

पुढची पावले मोठी आहेत. २०१९ साली न्यूयॉर्कमध्ये अतिदक्षता विभागातल्या, सांगितलेले काहीही न करणाऱ्या १०४ रुग्णांच्या डोक्याला मेंदूचा आलेख काढणाऱ्या तारा लावून 'मूठ उघडा, मिटा' असे पुन्हा पुन्हा सांगितले. मूठ कोणाचीच हलली नाही. पण १६ जणांच्या आलेखात आज्ञा पोचल्याची खूण सापडली. वर्षभराने त्या १६ पैकी ७ जण घरी आठ तासांपर्यंत एकटे राहू शकण्याइतके सुधारले; उरलेल्यांत हे प्रमाण शेकडा १४ होते. २०२४ साली अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून केलेल्या पाहणीत प्रतिसाद न देणारे २४१ रुग्ण होते. त्यांतल्या ६० जणांच्या मेंदूने, यंत्रापुढे, आज्ञा पाळली. म्हणजे चारांत एक.

चारांत एक हा आकडा पाहून मला रात्रभर झोप आली नाही. परंतु याच पाहणीत आणखी एक आकडा आहे, आणि तो वर्तमानपत्री मथळ्यांत सहसा येत नाही. जे रुग्ण खाटेवर सरळ सरळ आज्ञा पाळत होते, अशा ११२ जणांनाही त्याच कसोटीला लावले. त्यांपैकी फक्त ४३ जणांची खूण यंत्राला सापडली. म्हणजे यंत्राने 'हो' म्हटले तर त्याला काही अर्थ. 'नाही' म्हटले तर त्यावरून कोणाची नळी काढण्याइतका आधार मिळत नाही. शिवाय ही यंत्रणा थोड्या संशोधनकेंद्रांतून आहे. हाटपिपल्याच्या खाटेपासून ती किती लांब आहे, हे वाचकांना सांगायला नको.

या विषयावर बोलताना मराठी माणसाला मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातला एक पलंग आठवल्यावाचून राहत नाही. अरुणा शानबाग उत्तर कानडा जिल्ह्यातल्या हळदीपूरच्या, के. ई. एम.मध्ये परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथल्याच एका सफाई-कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला आणि कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अंत होईपर्यंत, साडेएकेचाळीस वर्षे, त्या त्याच रुग्णालयात निजून होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. अरुणाबाईंना पाहिलेल्या, त्यांच्याबरोबर काम केलेल्या निवृत्त झाल्या, आणि त्यांच्या हल्ल्यानंतर जन्मलेल्या मुली त्यांना घास भरवू लागल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नव्हता, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. ज्यांनी महिनाभर जरी कोणाची कूस पालटली असेल, त्यांना या वाक्याचे वजन कळेल.

पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने अर्ज केला, की अन्न देणे थांबवून त्यांना शांतपणे जाऊ द्यावे. न्यायालयाने मुंबईच्या तीन तज्ज्ञांना तपासणीस पाठवले: डॉ. जे. व्ही. दिवेटिया, डॉ. रूप गुरसहानी आणि डॉ. नीलेश शहा. रुग्णालयाच्या बाजूने सांगण्यात आले, की त्या माणसे ओळखतात, आवडनिवड आवाजाने दाखवतात; मासे आणि कोंबडीचे सूप दिले की चेहऱ्यावर हसू येते. तज्ज्ञांनी पाहिले, परिचारिकांचे ऐकून लिहून घेतले, आणि कायमच्या वनस्पतिवत् अवस्थेची बहुतेक लक्षणे येथे आहेत असा अहवाल दिला. ७ मार्च २०११ च्या निकालात अर्ज नामंजूर झाला. त्यांच्या बाजूने बोलण्याचा अधिकार ज्यांनी त्यांना सांभाळले त्या के. ई. एम.च्या मंडळींचा, असे न्यायालयाने ठरवले, आणि त्या मंडळींना त्या जगायला हव्या होत्या. त्याच निकालाने उपचार काढून घेण्याची वाट मात्र, उच्च न्यायालयाच्या परवानगीच्या अटीवर, आपल्या देशात प्रथम मोकळी केली.

सूप पाहून आलेले ते हसू म्हणजे जाणीव होती की केवळ स्नायूंचा खेळ? तीस वर्षे रोज भरवणाऱ्या परिचारिकेचे खरे, की तपासणीला आलेल्या तज्ज्ञांचे? मला तज्ज्ञांवर टीका करायची नाही. त्यांचे काम सचोटीचे होते. पण १९९६ साली लंडनच्या एका पुनर्वसन-रुग्णालयाने वनस्पतिवत् म्हणून धाडलेले ४० रुग्ण सावकाश तपासले, तेव्हा १७ जणांचे निदान चुकीचे निघाले. २००९ साली बेल्जममध्ये पुन्हा तोलून पाहिले. चूक शेकडा ४१. म्हणजे उत्तम रुग्णालये, उत्तम वैद्य, आणि तरी दहांत चार. कारण जाणीव अशा माणसांत दिव्यासारखी तेवत नाही. ती काजव्यासारखी येते-जाते. वैद्य ज्या क्षणी खाटेपाशी उभा आहे त्या क्षणी ती असेलच असे नाही. खाटेपाशी रोज असणाऱ्या माणसाला ती दिसते, आणि त्याला विचारण्याची पद्धत नसते.

आता आरशाची गोष्ट. लीएजच्याच मंडळींनी २००८ साली एक साधी गोष्ट दाखवून दिली. अशा रुग्णाची नजर एखाद्या गोष्टीमागे फिरते का हे पाहायचे, तर डोळ्यांपुढून पेन किंवा बोट फिरवण्यापेक्षा, माणूस फिरण्यापेक्षाही, हातातला आरसा फिरवणे अधिक खात्रीचे. काही रुग्णांची नजर फक्त आरशामागेच जाते. दुसरे कोणतेही साधन त्यांना पुरत नाही. स्वतःचा चेहरा पुरतो. कृती अशी: आरसा चेहऱ्यापासून वीतभराच्या आत धरायचा, रुग्णाला त्यात आपला चेहरा दिसला पाहिजे, मग तो हळूहळू डावीकडे, उजवीकडे, वर, खाली न्यायचा. एकदा नव्हे, निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या वेळी, निदान पाच वेळा.

श्रावणात मी हाटपिपल्याला चार दिवस राहिलो तो या आरशासाठी. आत्याची फणेरपेटी होती, पण तिच्या झाकणातला आरसा डागाळलेला. म्हणून हाटातून लाल चौकटीचा एक हातआरसा घेतला. न्यूरॉलॉजीतले याहून स्वस्त उपकरण मला ठाऊक नाही. पहिल्या संध्याकाळी आरसा फिरवला, काही नाही. डोळे छताकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी, काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी अंग पुसून, केस विंचरून झाल्यावर मी पुन्हा आरसा धरला आणि डावीकडे नेऊ लागलो. आत्याचे डोळे आरशाबरोबर गेले. मधे थांबले नाहीत. परत आणला, परत आले. उजवीकडे नेला, तेव्हा सुटले. पुन्हा डावीकडे, पुन्हा गेले.

अण्णा उंबऱ्यात उभे होते. ते काही बोलले नाहीत. वहिनी फणीतले केस काढत होत्या; त्या माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, 'भाऊजी, मला हे आषाढापासून ठाऊक आहे. वेणी घालताना मी ज्या बाजूला सरकते तिकडे त्या पाहतात. पण मला कोणी विचारले नाही.'

एका सकाळच्या पाहण्यावर विसंबू नये म्हणून आम्ही इंदूरच्या एका न्यूरॉलॉजिस्ट बाईंना गाठले. त्यांनी आत्याला तीन दिवसांत पाच वेळा तपासले. प्रत्येक वेळी आधी दिवाणखान्यात बसून वहिनींशी अर्धा तास बोलल्या; हे मला तपासणीइतकेच मोलाचे वाटले. निदान बदलले. २००२ साली ज्या अवस्थेच्या कसोट्या ठरवल्या गेल्या ती 'किमान जाणिवेची अवस्था' आत्याची आहे, असे त्यांनी लिहून दिले. जाणीव आहे; तुटक आहे, थोडी आहे, पण आहे.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून अण्णा खाली बसले. अमँटाडीन नावाचे एक जुने औषध आहे. मुळात ते फ्लूसाठी, मग कंपवातासाठी वापरात आले. डोक्याला मार लागून या अवस्थांत गेलेल्या १८४ रुग्णांवर त्याची नीट चाचणी झाली आणि २०१२ साली निष्कर्ष निघाले: सुधारणेचा वेग औषध चालू असेतो वाढतो. पण ती चाचणी मार लागल्यापासून चौथ्या ते सोळाव्या आठवड्यातल्या रुग्णांवर झालेली. आत्याचा तेव्हा तेविसावा आठवडा चालू होता. सोळा आठवडे ती 'अशीच राहणार' म्हणून निजून होती. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या संस्थेने २०१८ साली जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत पहिले २८ दिवस तरी 'सुधारणेची आशाच नाही' असे सरसकट नातेवाइकांना सांगू नये, असे बजावले आहे. शिवाय मार लागलेल्या रुग्णाला वर्ष उलटेपर्यंत 'जुनाट' म्हणू नये असे म्हटले आहे, आणि 'कायमचा' हा शब्द तर त्यांनी काढूनच टाकला. आमच्या वाट्याला तो शब्द बाराव्या दिवशी आला होता. औषध आता सुरू केले आहे. उशिरा दिल्याने किती उपयोग होईल याची हमी बाईंनी दिली नाही, आणि आम्हीही मागितली नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मेंदू फार काही परत देत नाही, हेही त्यांनी लपवले नाही.

मी रात्री पुण्याला फोन केला. मला वाटले होते, धाकट्याला आनंद होईल. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'म्हणजे दादा, ती साडेपाच महिने हे सगळे सोसते आहे, असेच ना?'

याचे उत्तर मला देता आले नाही. आत कोणी नाही असे मानले तेव्हा निर्णय कठीण होता, तरी त्यात एक थंड समाधान होते, की दुखत नाही. आत कोणी आहे म्हटले की ते समाधान गेले. २००८ सालच्या एका तपासणीत असे दिसले, की किमान जाणीव असलेल्यांच्या मेंदूत वेदनेचे जाळे बरेचसे तुमच्या-आमच्यासारखेच उजळते. आत्याच्या मुठी आवळून गेल्या होत्या. कंपाउंडर येऊन त्या ताणून सोडवत असे आणि आम्ही पाहत असू, कारण 'तिला कळत नाही'. आता त्याआधी अर्धा तास वेदनाशामक औषध नळीतून जाते. हे आम्ही फाल्गुनापासून करू शकलो असतो. संशोधनाचा वाद काहीही असो, या एका गोष्टीला ना यंत्र लागत होते, ना न्यायालय.

मोठा प्रश्न तसाच उरतो. महाराष्ट्राला आणि आपल्याला स्वेच्छेने देह ठेवणारी माणसे अपरिचित नाहीत. ज्ञानेश्वरांची समाधी आहे, सावरकरांचे १९६६ चे आत्मार्पण आहे, पवनारला १९८२ साली अन्नपाणी सोडलेले विनोबा आहेत. परंतु या साऱ्यांनी आपला निर्णय आपल्या तोंडाने सांगितला. आत्याने सांगितला तो चार वर्षांपूर्वी, शेजारणीच्या तेराव्याहून परतताना, चपला काढता काढता. ते वाक्य तिचे इच्छापत्र समजायचे काय? सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा इच्छापत्राला मान्यता दिली, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची किचकट पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. उपचार थांबवण्याआधी वैद्यांचे एक मंडळ मत देते, दुसरे ते तपासते, दोघांनीही शक्यतो ४८ तासांत सांगावे, मग दंडाधिकाऱ्याला कळवावे. गोव्यात २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या तेथल्या खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून पायंडा पाडला. पण ही मंडळे मनात रुग्णालय धरून आखलेली आहेत. आत्या ओसरीलगतच्या खोलीत आहे. आणि कागद केलेला असता तरी अण्णांचा प्रश्न उरलाच असता: चालत्या-बोलत्या बाईने खाटेवरच्या बाईच्या वतीने सही करावी काय? मला स्वतःला वाटते, करावी. दुसरे कोण करणार? पण आरशामागे जाणारे ते डोळे पाहिल्यापासून हे वाक्य पूर्वीइतक्या ठामपणे मला उच्चारता येत नाही.

आमचे मूळ घर देवासचे. आजी सांगत असे, की १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन देवासला आले, तेव्हा गाणे बंद, बोलणेही बेताचे. लोक म्हणत, संपले. ते मात्र निजल्या निजल्या पाखरे ऐकत होते, वाटेने जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी ऐकत होते; आणि पाचेक वर्षांनी पुन्हा गाऊ लागले तेव्हा ते सारे त्या गाण्यात आले. दुखणे वेगळे, वय वेगळे. ही तुलना वैद्यकाला मान्य होणारी नाही, आणि आत्या उठून बसेल अशा भ्रमात मी नाही. एवढेच, की वहिनींनी हल्ली सकाळी तिच्या उशाशी कुमारांची ध्वनिमुद्रिका लावायला सुरुवात केली आहे, आणि खोलीत कोणी तिच्याविषयी 'ती' म्हणून बोलू लागले, तर त्या त्याला बाहेर नेतात.

डोल ग्यारसेच्या संध्याकाळी मी आरसा धरला, तेव्हा डोळे हलले नाहीत. वहिनींनी एक वही केली आहे. तारीख, वेळ, आणि पुढे 'हो' किंवा 'नाही'. त्यांनी 'नाही' लिहिले. आदल्या पानावर सात 'हो' होते. अण्णा अंधार पडल्यावर घाटावरून आले, आत्याच्या कानाशी वाकून मूर्ती किती वेळा तरंगली ते त्यांनी तिला सांगितले, मग कूस पालटली.

धाकटा दिवाळीला येणार आहे. त्याने स्वतःच्या इच्छापत्राचा मसुदा मला पाठवला आहे आणि साक्षीदार म्हणून सही करशील का, असे विचारले आहे. मी तो अण्णांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, अन्नाच्या नळीविषयीच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली, आणि कागद माझ्या हातात परत दिला.